पाणपोई

चैत्र सरत आला आणि माळव्यातल्या वाटा तापू लागल्या की रस्त्याच्या कडेला एखादे गवती छप्पर उभे राहते. छपराखाली वाळूत रोवलेले दोन-तीन रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले फडके आणि पाणी घालावयास बसलेला एखादा वृद्ध. येणाऱ्यास नाव-गाव विचारावयाचे नाही; ओंजळ पुढे आली की धार धरावयाची, एवढाच पाणपोईचा रिवाज.

ही परंपरा जुनी आहे. अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचे दान करण्याची चाल घरोघर होती. 1767 ते 1795 या काळात माळव्याचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी आपल्या राज्यात आणि राज्याबाहेरही विहिरी, घाट व धर्मशाळा बांधविल्या. त्यांचे पाणी प्यालेल्या असंख्य यात्रेकरूंची तोंडेही त्यांनी कधी पाहिली नसतील.

अशा दानात कृतज्ञ कोणी व्हावे? पिणाऱ्याने, असे सहज वाटते. परंतु तहानलेला वाटसरू पाणी पितो, तोंड पुसतो आणि चालू लागतो. कृतज्ञतेचा लाभ पुष्कळदा पाजणाऱ्यासच होतो. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. विहिरीवरून घागर खांद्यावर आणल्यावाचून पाण्याचे वजन कळत नाही. आणि ते कळले म्हणजे आजवर आपल्यासाठी किती अनोळखी हातांनी घागरी वाहिल्या, हेही उमगू लागते. ज्याने विहीर खणली, ज्याने वाटेवर सावलीचे झाड लावले, त्याचा पत्ता कोणास ठाऊक आहे? त्याचे ऋण त्यास परत करता येत नाही. ते पुढच्या वाटसरूच्या ओंजळीत घालावे लागते.

तथापि या धारेला एक काळा इतिहास आहे. याच देशात कित्येकांच्या ओंजळीत पाणी वरून, अंतर राखून ओतले जाई. कित्येकांना तेही मिळत नसे. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या हक्कावर मुंबईच्या उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते 1937 मध्ये. ज्याचा हक्क आहे त्यास उपकार म्हणून पाणी पाजणे हे दान नव्हे. घेणाऱ्याची मान खाली जात असेल, तर देणाऱ्याच्या मनात कृतज्ञता उगवत नाही, अहंकार तेवढा उगवतो. नाव न विचारण्याचा पाणपोईचा रिवाज खरा ठरतो तो जात न विचारली तरच.

आज बाटलीतले पाणी जागोजाग विकत मिळते. पैसे टाकले की तो व्यवहार तेथेच मिटतो. परक्याने आपुलकीने दिलेल्या घोटाचा हिशेब मात्र मिटत नाही. तो माणसाच्या मनात रेंगाळतो आणि केव्हातरी त्याच्याकडून दुसऱ्याचे काम करवून घेतो.

रांजणातले पाणी थंड का राहते? मातीच्या बारीक छिद्रांतून थोडे पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि ती जाताना आतली उष्णता घेऊन जाते. छिद्रे बुजलेला जुना रांजण पाणी राखतो खरा, पण त्यातले पाणी गार होत नाही. माणसाच्या मनाचेही असेच आहे. थोडे झिरपू द्यावे, म्हणजे उरलेले शीतल राहते.