क्लारा : नावाचा अर्थ, नावाचा हक्क



दर आठ मार्चला आपण क्लारा झेटकिनची आठवण काढतो. १९१० साली कोपनहेगनच्या समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत सहकारी स्त्रियांसोबत तिने महिला दिनाचा ठराव मांडला, हे आपल्याला पाठच आहे. आज मला तिच्या नावाबद्दल बोलायचं आहे.

‘क्लारा’चं मूळ लॅटिन ‘क्लारुस’. अर्थ : उजळ, स्वच्छ, नामांकित. आपल्याकडची उज्ज्वलाच म्हणा ना! हे नाव युरोपभर रुजलं ते इटलीतल्या असिसीच्या संत क्लारामुळे. त्या काळी जोगिणींच्या मठांचे नियम पुरुष लिहीत. तिने आपल्या मठाचे नियम स्वतः लिहिले आणि १२५३ साली, मरणाच्या दोन दिवस आधी, त्यांना पोपची मान्यता मिळाली.

१८१९ साली जर्मनीत जन्मलेली क्लारा वीक ही नामवंत पियानोवादक. रॉबर्ट शूमानशी लग्न करायला वडिलांनी नकार दिला, तेव्हा दोघं कोर्टात गेली आणि जिंकली. आडनाव बदललं. नवऱ्यामागे मैफली करून तिनेच मुलं पोसली.

झेटकिन माहेरची आयस्नर. ओसिप झेटकिन या रशियन क्रांतिकारकाबरोबर तिने पॅरिसमध्ये संसार केला, आडनावही त्याचं लावलं. पण कायदेशीर लग्न केलं नाही. कारण परदेशी माणसाशी लग्न केलं की जर्मन बाईचं नागरिकत्वच जाई! आणि हीच बाई १८९२ ते १९१७ अशी पंचवीस वर्षं ‘समता’ अशा अर्थाच्या नावाचं स्त्रियांचं नियतकालिक चालवत होती.

या दोघींची आडनावं बदलली, ‘क्लारा’ मात्र टिकलं. आपल्याकडे अजूनही काही घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात आणि मुलीचं पहिलं नावही पुसतात. मग पोटगीचा अर्ज लिहायला बसलं की शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. ती एकच बाई आहे, हे तिनेच सिद्ध करत फिरायचं!

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आईचं नाव लागतं. पण आईचं कोणतं नाव? तिच्या आईबापांनी ठेवलेलं की सासरने दिलेलं?

नाव ठेवायचं की बदलायचं, हे जिचं नाव तिनेच ठरवायला हवं. आपल्या गटातल्या प्रत्येकीला एवढं तरी विचारूया : बाई, तुझं पहिलं नाव काय होतं?