तळणीची कढई आणि तिचं झाकण

श्रोतेहो, दिवाळी जवळ आली की तुमच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो: घरी तळायला काय घ्यावं? लोखंडी कढई, स्टीलची, नॉनस्टिक, की विजेवर चालणारा फ्रायर? यंदा मानखुर्दहून बरीच पत्रं आली आहेत. महाराष्ट्र नगर, लल्लूभाई कंपाउंड, पीएमजीपी कॉलनी. लिहिणाऱ्या बऱ्याच जणी चकली-शेवेच्या ऑर्डरी घेतात. २२५ चौरस फुटांच्या खोलीत, ओट्यापासून दोन पावलांवर मूल अभ्यासाला बसलेलं असताना तळण करायचं आहे, हे धरूनच आज बोलते.

पहिलं झाकण घ्या. कढई नंतर. जाड धातूचं, भोक नसलेलं, कढईच्या काठाबाहेर चारी बाजूंनी बोटभर येणारं सपाट झाकण. काचेचं नको, ते आगीच्या तापानं तडकतं. दुकानात कढईचं वजन बघता, चकाकी बघता, भाव करता, आणि झाकण विचारलं की म्हणता, ‘तळणाला झाकण कशाला?’ अहो, तळण झाकायला नकोच आहे ते. ते आहे पेटलेलं तेल झाकायला!

रिफाइंड तेल साधारण २२० ते २३० अंशांच्या आसपास धूर सोडू लागतं. त्यापुढे तापत राहिलं की साडेतीनशेच्या वर ते आपणहून पेट घेतं. त्यासाठी गॅसची ज्योत कढईत शिरावी लागत नाही. मोठ्या आचेवर तेल ठेवलं, फोन आला, खाली पाण्याचा टँकर आला म्हणून कोणी हाक मारली, एवढं पुरतं. मग तेल पेटलेलं दिसतं आणि हात जातो तो पाण्याच्या पिंपाकडे. तिथंच घात होतो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा घेते. ती वाफ जळतं तेल उचलून छतापर्यंत फेकते, पडद्यावर, अंगावर, मुलाच्या वह्यांवर. पाणी नको. थेंब गळणारं ओलं फडकंही नको. पीठ तर मुळीच नको, ते स्वतःच भडकतं.

करायचं इतकंच: हात पोहोचत असेल तर गॅसचं बटण बंद. झाकण आपल्या बाजूनं, ढालीसारखं पुढे धरून, कढईवर सरकवत न्यायचं. वरून आपटायचं नाही. आणि मग ते उचलायचं नाही. विझलं का बघू म्हणून दोन मिनिटांत झाकण काढाल तर हवा मिळताच तापलेलं तेल पुन्हा पेटेल. कढई पूर्ण गार होऊ द्या, अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल. पेटती कढई उचलून मोरीकडे किंवा दाराबाहेर धावू नका. झाकण घालणं जमलंच नाही, तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा. मानखुर्दच्याच मंडाळ्यात २०२१ साली भंगाराच्या गोदामांना लागलेली आग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. बंब यायला किती वेळ लागतो आणि अरुंद गल्लीत काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून झाकण हवं, आणि ते फळीवर नाही, ओट्यावर हवं, हाताच्या अंतरावर. झाकण विकत घेणं परवडत नसेल तर घरातली सपाट, जड परात मापून ठेवा. पण ठेवा.

आता कढई. जाड बुडाची घ्या. पातळ कढईत चकली टाकली की तेल थंड पडतं, चकली तेल पिते. बिडाची कढई उष्णता उत्तम धरते, फक्त तळण झाल्यावर तेल तिच्यात ठेवू नका. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, चालेल, पण आयएसआयचा शिक्का असलेली. पितळेच्या कढईत तेल लवकर खवट होतं, आणि तिला कल्हई असेल तर कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, तेव्हा तळणाला ती नकोच. नॉनस्टिक भाकरी-डोशाला ठेवा.

कढईला दोन कान हवेत, घट्ट रिव्हेट मारलेले. एक लांब दांडा असलेली घेऊ नका. तुमच्या खोलीत ओट्याजवळून जाताना तो दांडा पदराला, ओढणीला, लहान पोराच्या हाताला लागणारच. दुकानात कढई तुमच्या शेगडीसारख्या स्टँडवर ठेवून बघा. एक कान दाबा. डुगडुगली, तर परत द्या. आणि मापाला कंजूषपणा नको: एक लिटर तेल घालायचं तर कढई किमान अडीच-तीन लिटरची हवी. निम्म्यापेक्षा वर तेल नको. ओली भजी पडली की फेस चढतो आणि काठावरून बर्नरवर उतरतो.

विजेचा फ्रायर विचारलात. चांगला असतो. त्याचा थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला वीज तोडतो, त्यामुळे तेल सहसा पेटण्यापर्यंत जात नाही. पण दोन हजार वॉटचं यंत्र सहा अँपिअरच्या सॉकेटवर, त्यातून एक्स्टेन्शनवर लावायचं नाही, तेवढा भार त्याला पेलत नाही. सोळा अँपिअरचा पॉइंट नसेल तर फ्रायर घेऊ नका. एअर फ्रायरमध्ये गरम हवा फिरते, तेल नसतं. त्यात पातळ पिठाची भजी होत नाहीत.

एका पत्रानं मला झोप लागू दिली नाही. आई सकाळी कामाला जाते आणि बारा वर्षांची मुलगी संध्याकाळच्या गाडीसाठी वडे तळते. बाई, तुमची ओढाताण मला कळते, पत्राच्या ओळीओळीत ती दिसते. पण पोरीला तळणीपुढे उभं करू नका. पीठ भिजवू दे, बटाटे सोलू दे, वडे वळून ठेवू दे. तळण तुम्ही आल्यावर. गाडी तासभर उशिरा लागली तर लागू दे.

तेलानं भाजलंच, तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. काळं पडलेलं, फेसाळणारं तेल टाकून द्या, पण मोरीत नको.

आणि दोन शेगड्यांवर दोन कढया लावून ऑर्डर लवकर उरकते का, असं विचारणाऱ्या ताईंना: नाही. एका वेळी एकच कढई, दुसऱ्या शेगडीचा गॅस बंद, आणि त्या मोकळ्या शेगडीवर झाकण.