हात कापतो तेव्हा



आजच्या विषयाचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. वाटी ओठांपर्यंत नेईतो आमटी सांडे, म्हणून त्यांनी पंगतीला बसणे सोडले होते. मी कापणारा हात पाहिला आणि कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाचे, औषध लिहून दिले. सहा महिन्यांत गुण आला नाही. मग एके दिवशी त्यांची पत्नी म्हणाली, "डॉक्टर, हे झोपाळ्यावर स्वस्थ बसले की हात अगदी शांत असतो!" त्या माउलीने एका वाक्यात माझे निदान खोडून काढले.

हात कापतो एवढेच पाहून भागत नाही. तो केव्हा कापतो, हे पाहावे लागते. पार्किन्सनमधला कंप बहुधा एका बाजूला सुरू होतो. हात मांडीवर विसावला असताना बोटे गोळी वळल्यासारखी हलतात. काम करू लागले की कंप कमी होतो. आमच्या गुरुजींचे नेमके उलट होते. कप उचलला, सही करायला घेतली की दोन्ही हात कापत. त्यांच्या वडिलांचेही तसेच होते. असा कंप पुष्कळदा घराण्यात चालतो. त्याचे औषध निराळे.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सनने या रोगावर निबंध लिहिला, तो अवघ्या सहा रोग्यांवरून. त्यांतले काही तर त्याला रस्त्यातच दिसले होते! पुढे पॅरिसच्या शार्को याने विश्रांतीतला कंप आणि हालचालीतला कंप यांतला भेद शिकवला आणि रोगाला पार्किन्सनचे नाव दिले. दोघांचे मुख्य साधन एकच, डोळे.

या विकारांचे ढोबळ मानाने दोन वर्ग करतात. पहिल्यात हालचाल उणी होते. अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात हलत नाही, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, चेहरा निर्विकार दिसतो. घरची मंडळी म्हणतात, "वय झाले!" पण हाच पार्किन्सन असू शकतो, आणि कित्येकांना त्यात कंप नसतोही.

दुसऱ्या वर्गात नको ती हालचाल होते. ठेक्यात होतो तो कंप. नाचल्यासारखी, एका अवयवातून दुसऱ्यात सरकणारी अनियमित चाळवाचाळव म्हणजे कोरिया. स्नायू आखडून अवयव पिळवटतो ती डिस्टोनिया; एखाद्याची बोटे फक्त लेखणी धरली की वाकडी होतात, आणि लोक त्याला ढोंगी म्हणतात! घटकाभर आवरता येते पण पुन्हा उसळते ती टिक. विजेसारखा झटका तो मायोक्लोनस.

ही नावे कशाला, असे आपण विचाराल. नावामागे कारण असते आणि कारणामागे उपाय, म्हणून. तरुण मुलाचा हात कापू लागला, तर विल्सनचा रोग आठवावा लागतो. १९१२ साली वर्णिलेल्या या रोगात तांबे यकृतात आणि मेंदूत साचते. वेळीच ओळखला तर तो औषधाने आटोक्यात राहतो. उशीर झाला तर हानी भरून येईलच असे नाही. मानसिक आजारावरच्या, तसेच उलटी वा चक्कर थांबवणाऱ्या काही गोळ्यांनीही पार्किन्सनसारखी लक्षणे दिसतात. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा; मनाने मात्र एकही बंद करू नका.

आमच्या तपासणीच्या खोलीत रोगी दहा मिनिटे बसतो. आपण त्याला दिवसभर पाहता. हात बसल्यावर कापतो की उचलल्यावर? एक की दोन्ही? केव्हापासून? एवढे टिपून आणा. आज खिशात मोबाइल आहे. रोग्याची संमती घेऊन दोन मिनिटांचे चित्रण आणलेत तर फारच उत्तम.

औषध बदलल्यावर गुरुजींचा कंप पुरता गेला नाही, पण पुष्कळ उणावला. पुढच्याच लग्नात ते पंगतीला बसले. वाटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. पण आमटी सांडली नाही.