जुन्या बंदुकीवरील खुणा

शिरड शहापूर हें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. १९९९ पर्यंत तें परभणी जिल्ह्यांत होतें, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत. भगवान मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळें त्याचें नांव दूरवर माहीत आहे. अशा गांवांत एखादा जुना वाडा पाडतांना माळवदाच्या तुळईआडून कापडांत गुंडाळलेली बंदूक निघाली, अशी क्षणभर कल्पना करावी.

घरचीं माणसें अशा वेळीं बहुधा दोन प्रकारें वागतात. कोणी गंज घासून, तेल लावून ती दिवाणखान्यांत टांगावयास निघतो. कोणी भीतीनें ती रातोरात विहिरींत टाकतो किंवा भंगारवाल्याच्या हवालीं करतो. दोहोंचा परिणाम एकच. त्या लोखंडावर कोरलेला मजकूर कोणी वाचण्यापूर्वींच नाहींसा होतो.

सैन्याच्या बंदुका एका नमुन्याबरहुकूम हजारोंनीं तयार होतात. तेव्हां एक पाहिली म्हणजे सर्व पाहिल्या, असा सामान्य समज असतो. जाणत्या संग्राहकाचें लक्ष मात्र सारखेपणाकडे नसून फरकाकडे असतें. कोणतेंही सरकार ठरलेला नमुना सहजासहजीं बदलीत नाहीं. जेथें बदल झाला, तेथें त्यामागें पैशाची टंचाई, युद्धाची निकड किंवा आपल्याच माणसांविषयींचा अविश्वास, यांपैकीं कांहीं तरी असतेंच.

अविश्वासाचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. हिंगोली येथें हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी १९०३ पर्यंत होती. त्यामुळें इंग्रजी बनावटीची लष्करी बंदूक या मुलखाला अपरिचित नव्हती. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड बंदुकीच्या नळींत पिळदार खांचा असत. त्यांच्यामुळें गोळी फिरत जाई आणि नेम दूरवर लागे. १८५७ चा उठाव झाला, आणि त्यानंतर हिंदी शिपायांसाठीं दिसावयास तशाच, पण आंतून गुळगुळीत नळीच्या बंदुका करण्यांत आल्या. शिपाई तोच, कवाईत तीच. फक्त नेमाचा पल्ला कमी केलेला. पुढें बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यानें ३०३ रायफलीच्याच घडणीवर ४१० बोअरचें, गुळगुळीत नळीचें आणि एका वेळीं एकच बार काढणारें मस्केट पोलिसांसाठीं व पहारेकऱ्यांसाठीं बनविलें. बंदूक द्यावयाची, पण सैन्याच्या तोडीची द्यावयाची नाहीं, हें धोरण त्या नळींतच लिहिलेलें आहे.

चीनमध्यें ही विद्या अधिक गुंतागुंतीची होते. तेथें अर्ध्या शतकांत राजवटी उलथल्या, परकी आक्रमण झालें, यादवी युद्ध झालें, आणि प्रत्येकानें शस्त्रांवर आपली खूण ठेवली. म्हणूनच चिनी सैन्यानें मोडींत काढलेल्या रायफली इतर देशांतील संग्राहकांच्या विशेष आवडीच्या ठरल्या.

हानयांगच्या कारखान्यांत १८९५ पासून जर्मनीच्या १८८८ च्या रायफलीची नक्कल होऊं लागली. आरंभीं तिच्या नळीभोंवतीं पातळ पोलादी वेष्टन असे. १९०४ मध्यें तें काढून टाकून वरच्या बाजूस लांकडी आच्छादन बसविण्यांत आलें. तेवढ्या एका खुणेवरून रायफल आधींची कीं नंतरची हें कळतें. १९३५ मध्यें जर्मन माउझरच्या धर्तीवर नवी रायफल निघाली. तिला प्रथम ‘२४ चा नमुना’ म्हणत. हा आंकडा चिनी प्रजासत्ताकाच्या वर्षाचा आहे. त्यांत १९११ मिळविले म्हणजे इसवी सन मिळतो. पुढें हीच रायफल चँग कै-शेक यांच्या नांवानें ओळखली गेली.

१९३७ मध्यें जपाननें मोठें आक्रमण केलें आणि कारखाने यंत्रसामग्रीसह आंतल्या प्रांतांत हलवावे लागले. चिनी फौजांच्या हातीं जपानी आरिसाका रायफलीही लागल्या; त्यांतील कित्येकींच्या नळ्या नंतर बदलून त्या निराळ्या काडतुसाला जुळविण्यांत आल्या. एका देशाचा दस्ता आणि दुसऱ्या देशाची नळी, असें हें शस्त्र पाहून नवखा मनुष्य त्याला बनावट समजतो. वस्तुतः तेंच त्या काळचें खरें साक्षीदार असतें.

या युद्धाशीं महाराष्ट्राचाही संबंध आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्यें भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. आठव्या मार्ग सेनेच्या जखमी सैनिकांवर ते शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच निवर्तले. रायफलींच्या नळ्यांचें माप घेणाऱ्यानें त्या नळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसांचा विसर पडूं देऊं नये.

कम्युनिस्ट राजवटींत रशियन धर्तीवर १९५६ चा नमुना निघाला. त्याच्या पहिल्या रायफलींवरील संगीन सुरीसारख्या पात्याची होती; १९६० नंतरच्या दशकांत तिच्या जागीं लांब, टोकदार सळईसारखी संगीन आली. १९६२ च्या युद्धांत चिनी सैन्यापाशीं अशा अर्धस्वयंचलित रायफली होत्या, तर भारतीय जवानाला प्रत्येक गोळीनंतर हातानें खटका ओढावा लागणारी ३०३ रायफलच मुख्यतः वापरावी लागली. त्यानंतर ईशापूरनें त्याच जुन्या घडणीची, पण अधिक मजबूत पोलादाची, ७.६२ मिलीमीटरची रायफल काढली. तिच्या नेमपट्टीवर आधीं २००० मीटरपर्यंत आंकडे होते. पुढच्या सुधारणेंत ते ८०० वर आले. युद्धांत खरोखर किती दूर नेम धरला जातो, याचें उमजलेलें भान त्या लहानशा पट्टीवर उमटलें आहे.

आपल्याकडे अशा लष्करी रायफलींचा खाजगी संग्रह सामान्य नागरिकाला करतां येत नाहीं, ३०३, ७.६२ आणि ४१० हीं मापें निर्बंधित वर्गांत मोडतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्याशिवाय बंदूक बाळगणें हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें परवानाधारकालाही दोनच बंदुकांची मर्यादा घातली आहे. पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या, पण दुरुस्त करूनही कधीं चालूं न शकणाऱ्या शस्त्राला मात्र कायद्यांत सूट आहे. तें तसें आहे कीं नाहीं, हें घरच्या माणसानें ठरवूं नये.

म्हणून माळवदांत सांपडलेल्या बंदुकीच्या नळींत डोकावूं नये व चापाला हात लावूं नये. ठासलेला बार कित्येक वर्षांनींही उडूं शकतो. गंज घासूं नये, कारण गंजाबरोबर अक्षरें जातात. प्रथम पोलिस ठाण्यास कळवावें. ती कोठें, कशी व कोणाच्या घरांत मिळाली हें लिहून ठेवावें, आणि तिच्यावरील खुणांची नोंद व्हावी असा आग्रह धरावा. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं घरोघरच्या जुन्या वस्तु आयुष्यभर जमविल्या आणि आपल्या मुलाच्या नांवाचें तें संग्रहालय १९७५ मध्यें सरकारच्या स्वाधीन केलें; त्यांत शस्त्रेंही आहेत. एका घरांतील वस्तु सर्वांची कशी होते, याचा तो धडा आहे.

बंदूक घरांत राहिली नाहीं तरी कांहीं बिघडत नाहीं. तिच्यावर काय लिहिलें होतें, तें मात्र राहिलें पाहिजे.