मुलाला प्रश्न विचारताना
(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी या अंगणात लपंडाव खेळणारी पोरं आज स्वतःची लेकरं मांडीवर घेऊन समोर बसली आहेत. म्हणूनच समितीने दिलेला 'मुलांची वाढ' हा विषय मला आवडला.

हा अभ्यास पुष्कळसा घरातच झाला आहे बरं! स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांना बारकाईने न्याहाळलं, नोंदी केल्या. त्यांचा एक प्रयोग आज घरी करून बघा. शेंगदाण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा. मग एक ओळ पांगवा आणि विचारा, "आता जास्त कुठं?" चार-पाच वर्षांचं मूल बहुधा लांब ओळ दाखवतं. पियाजेंच्या मते, दाणे तेवढेच राहतात ही समज या वयात पक्की नसते.

पुढे १९७० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन आणि मॅकगॅरिगल यांनी थोडा बदल केला. ओळ मोठ्या माणसाने नाही, एका खोडकर टेडी अस्वलाने विस्कटली. आता बरीच जास्त मुलं बरोबर बोलली! मोठं माणूस मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा लेकराला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं असावं.

म्हणजे कोण विचारतं, कसं विचारतं, यावर उत्तर ठरतं. भाषेचंही तसंच. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धीची चाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बदलून घेतली. परक्या भाषेतल्या प्रश्नाने आपल्या लेकराची अक्कल कशी मोजणार?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. घरी 'कामून' म्हणणारं पोरगं वर्गात 'का' ऐकून गप्प बसायचं. तेच त्याच्या बोलीत विचारलं की घडाघडा सांगायचं. त्याला मठ्ठ म्हणायची घाई केली असती, तर ते कायमचंच गप्प झालं असतं.

तेव्हा जिन्यात भेटल्यावर "आमचा एबीसीडी म्हणतो, तुमचा?" हे जरा कमी करू या. मात्र मूल बोलायला, चालायला फारच उशीर करत असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. बाकी लेकरांना आपल्या भाषेत विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

सोसायटीला आणि इथल्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांना माझे आशीर्वाद.