बोलक्या बाहुल्या

१९७७ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला. त्यातल्या अवकाशवीरांच्या बाहुल्या नाताळपर्यंत तयार होईनात, म्हणून केनर कंपनीने बाहुल्या मागाहून देण्याच्या हमीचे नुसते पाकीटच विकले! पुढे आलेली ही मंडळी जेमतेम पावणेचार इंचांची, गुडघेही वाकेनात.

अशाच खेळण्यांच्या चाहत्यांनी २००७ साली ‘रोबॉट चिकन’ या टेलिव्हिजन मालिकेत या वीरांची फजिती रंगवली. अवकाशातला तळ उडाल्याचा फोन येताच प्रत्यक्ष सम्राट पैशाच्या काळजीने संसारी माणसासारखा वैतागतो!

गुरुजी, आपली पोरे पोळ्याच्या मातीच्या बैलांना बोलायला लावतात, ते हेच. मी एकदा मुलाला ‘पुरे खेळ’ म्हणून दटावले. त्याची गोष्ट अर्धीच राहिली. तुम्ही तरी ऐकून घ्या.