रंगीत चित्रामागची जाळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुणे-पिंपरीच्या परिसरात आज कितीतरी तरुण अभियंते दिवसभर संगणकासमोर बसून 'मेशिंग' करतात. घरच्यांना हे समजावून सांगणं मोठं कठीण. "गाडीच्या भागांवर जाळी टाकतो," असं मुलानं सांगितलं की आईला वाटतं, इंजिनिअर होऊन हा जाळ्या विणतो की काय! नव्यानं कामाला लागलेल्यांच्या वाट्याला हे काम येतं, म्हणून ते हलकं समजलं जातं. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो आहे आणि माझं मत अगदी उलट आहे.

आधी ही जाळी म्हणजे काय ते पाहू. पुलाचा खांब घ्या, नाहीतर मोटारीची चासी. वजन पडल्यावर तिच्यात कुठे किती ताण येईल, हे एका सूत्रात सांगता येत नाही, कारण आकार वेडावाकडा असतो. मग अभियंता त्या आकाराचे हजारो, कधी लाखो छोटे तुकडे कल्पितो. एकेका तुकड्याचं गणित सोपं असतं. तुकडे कोपऱ्यांशी एकमेकांना जोडायचे आणि सगळी समीकरणं संगणकाकडून एकदम सोडवून घ्यायची. हीच 'फायनाइट एलिमेंट' पद्धत. हे नाव अमेरिकेतले प्राध्यापक रे क्लॉ यांनी 1960 मध्ये वापरलं. तुकड्यांच्या या जाळीला म्हणायचं मेश.

कल्पना तशी जुनीच आहे. वर्तुळाचा परीघ काढायला आर्किमिडीजनं 96 बाजूंच्या आकृतीपर्यंत मजल मारली होती. बाजू वाढवल्या की उत्तर खऱ्याच्या जवळ जातं. पण इथे नुसती संख्या पुरत नाही. तुकडे कुठे लहान हवेत आणि त्यांचा आकार कसा हवा, यालाही तितकंच महत्त्व आहे.

एक उदाहरण घेऊ. रुंद पत्र्याला मधोमध लहानसं गोल भोक आहे आणि पत्रा दोन्ही बाजूंनी ओढला जातो आहे. भोकाच्या काठावर ताण बाकीच्या पत्र्याच्या तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श यांनी 1898 मध्येच दाखवून दिलं. आता तिथले तुकडे मोठे ठेवले, तर ही तिप्पट वाढ आजूबाजूच्या सरासरीत विरघळून जाते. संगणक शांतपणे कमी आकडा देतो. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण प्रत्येक शीत वेगळं शिजलेलं असतं! म्हणून भोकापाशी बारीक जाळी हवी आणि दूर जाताना ती हळूहळू मोठी होत गेली पाहिजे.

आकाराचंही तसंच. त्रिकोण शक्यतो समभुज त्रिकोणाच्या जवळचा असावा, चौकोन चौरसाच्या जवळचा. प्रत्येक तुकड्याच्या आत ताण साध्या नियमानं बदलतो, असं ही पद्धत गृहीत धरते. तुकडा तिरका, चेपलेला असला की ते गृहीतकच लंगडं पडतं. सगळेच लांबट तुकडे वाईट असतात असं नाही. ज्या दिशेनं ताण फारसा बदलत नाही, त्या दिशेनं ते लांब चालतात. पण हे ठरवायला ताण कसा वाहतो, याची समज लागते.

ही समज कमी पडली तर काय होतं, याचं उदाहरण नॉर्वेत आहे. उत्तर समुद्रातल्या वायुक्षेत्रासाठी 'स्लाइप्नर ए' या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला जात होता. त्यात एकमेकांना चिकटलेले 24 पोकळ कप्पे होते. तीन कप्पे जिथे भेटतात, तिथे मध्ये एक त्रिकोणी पोकळी राहते. या पोकळीत समुद्राचं पाणी शिरणार, म्हणजे तिच्या भिंतींवर पाण्याचा सगळा दाब येणार. 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत हा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवला जात होता. सुमारे 65 मीटर खोलीवर एक भिंत फुटली. आत शिरणाऱ्या पाण्यापुढे पंपांचं काही चाललं नाही आणि वीस मिनिटांच्या आत सारा पाया तळाशी गेला. तळावर तो असा आदळला की भूकंपमापकांवर 3 रिश्टरची नोंद झाली. सुदैवानं माणसं वाचली, पण नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचं.

चौकशीत काय निघालं? त्या त्रिकोणी पोकळीच्या भिंतींसाठी वापरलेले तुकडे मोठे आणि तिरके होते. त्यामुळे भिंत कातरू पाहणारं बल जवळपास निम्म्यानं कमी भरलं. भर म्हणजे तिथल्या लोखंडी सळ्याही अपुऱ्या लांबीच्या होत्या. पुढे काळजीपूर्वक केलेल्या गणितात भिंत 62 मीटरवर फुटेल असं उत्तर आलं, म्हणजे प्रत्यक्षाच्या अगदी जवळचं! पद्धत खोटी नव्हती, जाळी खोटी होती. नवा पाया उभारताना अभियंते हातानं मांडायच्या जुन्या हिशेबांकडेही वळले. नवा प्लॅटफॉर्म 1993 मध्ये उभा राहिला.

म्हणून मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी करायला सांगतो. पहिली, संगणक सुरू करण्यापूर्वी कागदावर ढोबळ उत्तर काढा. दुसरी, तुकडे निम्म्या आकाराचे करून पुन्हा गणित करा. आकडा फारसा बदलला नाही, तर विश्वास ठेवा. बदलला, तर आणखी बारीक करा. तिसरी, आतल्या बाजूच्या टोकदार कोपऱ्यापासून सावध राहा. कागदावरच्या अशा कोपऱ्यात ताण अमर्याद असतो, त्यामुळे जाळी कितीही बारीक केली तरी आकडा वाढतच जातो. खऱ्या वस्तूत तिथे थोडी गोलाई असते, ती चित्रातही दाखवावी लागते.

गणित संपलं की पडद्यावर लाल, पिवळ्या, निळ्या रंगांचं सुंदर चित्र उमटतं. ते पाहून वरिष्ठ खूश होतात, ग्राहकही खूश होतात. चुकीच्या जाळीतून येणारं चित्रही तितकंच सुंदर असतं, हीच खरी मेख आहे. तेव्हा असं चित्र कुणी तुमच्यापुढे ठेवलं, तर तुम्ही अभियंता नसलात तरी एक प्रश्न बेलाशक विचारा: "जाळी आणखी बारीक केल्यावर हा आकडा किती बदलला?" ज्यानं काम मनापासून केलं असेल, त्याच्याकडे उत्तर तयार असेल.